जाहीर फी आणि खरी फी: अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठांच्या आर्थिक मदतीच्या साधनांचं परीक्षण

अमेरिकेतल्या नावाजलेल्या खासगी विद्यापीठात पदवीच्या एका वर्षाचा जाहीर खर्च आता साधारण ८५ ते ९५ हजार डॉलरच्या घरात गेला आहे. हार्वर्डचा २०२५-२६ चा एकूण आकडा ८६,९२६ डॉलर होता. मात्र हा आकडा पूर्ण भरणारी कुटुंबं कमी. खासगी विद्यापीठं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ट्यूशन फीवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. म्हणजे एमआरपी वेगळी आणि गिऱ्हाइकाप्रमाणे दिलेला भाव वेगळा. आपला भाव कोणता, हे अर्ज करण्याआधी कळलं पाहिजे. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घराला ते जितकं महत्त्वाचं, तितकंच नाशिक-पुण्याहून मुलीला पाठवणाऱ्या घरालाही.

ते कळण्यासाठी चार साधनं हाताशी आहेत: नेट प्राइस कॅल्क्युलेटर (घरची माहिती भरली की आपल्याला पडणारा अंदाजे खर्च सांगणारं), कॉमन डेटा सेट (विद्यापीठाची वार्षिक आकडेवारी), मदत मागण्याचा फॉर्म म्हणजे सीएसएस प्रोफाइल (आणि अमेरिकेच्या नागरिकांना व ग्रीन कार्डवाल्यांना फॅफ्सा हा सरकारी फॉर्म), आणि शेवटी हाती येणारं मदतीचं पत्र. चारही वापरायला हवीत, पण चारही सारखी भरवशाची नाहीत.

आधी एक फरक पक्का करून घ्या. गरजेनुसार मिळणारी मदत घरचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहून ठरते; गरज म्हणजे एकूण खर्च वजा घराला परवडेल अशी धरलेली रक्कम. मेरिट स्कॉलरशिप मुलाचे गुण, एसएटी, कला किंवा नेतृत्व पाहून दिली जाते, घरचं उत्पन्न कितीही असो. आयव्ही लीगची आठही विद्यापीठं आणि एमआयटी मेरिट स्कॉलरशिप देत नाहीत. तिथे प्रत्येक अर्जदार हुशारच असतो, म्हणून मदत फक्त गरजेवर. "मुलाला ९८ टक्के आहेत, येल काहीतरी देईलच" या आशेवर केलेलं नियोजन पहिल्याच पायरीवर कोसळतं.

नेट प्राइस कॅल्क्युलेटर: फुकट, झटपट, पण डोळे उघडे ठेवून

केंद्र सरकारचा विद्यार्थी-निधी घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११ च्या ऑक्टोबरपासून आपल्या संकेतस्थळावर हे कॅल्क्युलेटर ठेवणं बंधनकारक आहे. तत्त्व चांगलं, पण अंमलबजावणीत जमीन-अस्मानाचा फरक. काही कॉलेजांनी सरकारी साचा जसाच्या तसा टाकला आहे. तो पाच-सात प्रश्न विचारतो, उत्पन्नाच्या पट्ट्यावरून जुन्या वर्षाची सरासरी दाखवतो आणि मोकळा होतो. त्या आकड्यावर घर गहाण ठेवायचा निर्णय घेऊ नये.

चांगलं कॅल्क्युलेटर ओळखायची खूण सोपी आहे. ते घराची किंमत, घरावरचं कर्ज, बचत, गुंतवणूक, कॉलेजात शिकणारी इतर भावंडं आणि शेवटी मुलाचे गुण, हे सगळं विचारतं. गुण विचारत नसेल, तर निकालात मेरिटची रक्कम धरलेली नसते. मालमत्ता विचारत नसेल, तर ज्यांच्याकडे उत्पन्न मध्यम पण बचत मोठी आहे, त्यांना मदत फुगवून दाखवली जाते. निकालाच्या पानावर खाली आकडे कोणत्या शैक्षणिक वर्षाचे आहेत ते छापलेलं असतं, ते आधी वाचा. दोन वर्षं जुनं असेल, तर जाहीर खर्च दर वर्षी साधारण ४ टक्के वाढवून पाहा.

भरताना उत्पन्नाचा आकडा अंदाजाने टाकू नका. फॉर्म १०४० च्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर विवरणपत्राच्या, ११ व्या ओळीतलं समायोजित उत्पन्न घ्या. आयटीतल्या घरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: कंपनीच्या आरएसयू (पगाराचा भाग म्हणून मिळणारे शेअर्स) ज्या वर्षी हातात पडतात, त्या वर्षी त्या पगारातच मोजल्या जातात. मूळ पगार १ लाख ६० हजार डॉलर आणि आरएसयू ७० हजार असतील, तर विद्यापीठाला दिसतात २ लाख ३० हजार. पगाराचाच आकडा टाकून आलेला निकाल पाहून हुरळून जाणारी घरं बरीच आहेत.

स्वतःचा धंदा, शेती, भाड्याची घरं किंवा विभक्त पालक असतील तिथे सगळीच कॅल्क्युलेटर्स चुकतात. आणि ही साधनं मुळात अमेरिकेतल्या घरांसाठी बनवलेली आहेत. भारतातून अर्ज करणाऱ्यांना विद्यापीठाने वेगळं आंतरराष्ट्रीय कॅल्क्युलेटर दिलं असेल तरच त्याचा उपयोग. आमच्या लेखी ५ पैकी ३ गुण.

कॉमन डेटा सेट: सगळ्यात कमी वापरलं जाणारं, सगळ्यात खरं बोलणारं

बहुतेक विद्यापीठं दर वर्षी एकाच ठरलेल्या नमुन्यात आपली आकडेवारी प्रसिद्ध करतात. विद्यापीठाचं नाव आणि "कॉमन डेटा सेट" एवढं शोधलं की पीडीएफ मिळते. पस्तीस-चाळीस पानांचं ते बाड बघून लोक मागे फिरतात. पण आपल्याला लागतात ती पानं दोन-तीनच.

विभाग "एच" उघडा. एच-टू या तक्त्यात गरजू विद्यार्थ्यांचा हिशेब असतो. त्यातल्या "आय" ओळीत गरजेचा सरासरी किती टक्के भाग भागवला ते लिहिलेलं असतं. तिथे १०० असेल, तर विद्यापीठ गरज पूर्ण भागवतं. ७२ असेल, तर उरलेले २८ टक्के तुमच्या खिशातून किंवा कर्जातून. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात "भरघोस मदत" असे शब्द कितीही असोत, खरं उत्तर या ओळीत असतं.

त्याच्या लगेच खाली एच-टू-ए. मेरिटसाठी हाच तक्ता महत्त्वाचा. "एन" ओळीत आर्थिक गरज नसलेल्या किती विद्यार्थ्यांना विद्यापीठाने स्कॉलरशिप दिली तो आकडा, आणि "ओ" ओळीत त्यांना सरासरी किती डॉलर मिळाले ते. पहिल्या वर्षाचे एकूण विद्यार्थी एच-टू च्या "ए" ओळीत असतात. "एन" ला "ए" ने भागलं की किती टक्के मुलांना निव्वळ मेरिटवर पैसे मिळतात ते कळतं. हा आकडा २ टक्के असेल, तर ती स्कॉलरशिप लॉटरीसारखी समजा. २५ टक्के असेल, तर ते विद्यापीठ मेरिटच्या जोरावर मुलं ओढतं, तिथे चांगल्या गुणांना नक्की भाव आहे.

एच-सिक्समध्ये परदेशी विद्यार्थ्यांना किती जणांना आणि सरासरी किती मदत दिली ते असतं. भारतातून अर्ज करणाऱ्यांनी सगळ्यात आधी हाच कोपरा बघावा. तिथे शून्य असेल, तर पुढे वेळ घालवू नये. आणि सी-नाइन या तक्त्यात प्रवेश घेतलेल्यांचे एसएटीचे गुण असतात, २५ व्या आणि ७५ व्या पर्सेंटाइलचे. आपल्या मुलाचे गुण ७५ च्या वर असतील, तर मेरिटची शक्यता खरी. मधल्या पट्ट्यात असतील, तर प्रवेश मिळू शकेल, पण सूट मिळेल असं धरू नका.

काही विद्यापीठं हा विभाग अर्धवट भरतात किंवा डेटा सेट प्रसिद्धच करत नाहीत. तेवढं सोडलं तर ५ पैकी साडेचार.

सीएसएस प्रोफाइल आणि फॅफ्सा

फॅफ्सा सरकारी आणि मोफत. सीएसएस प्रोफाइल कॉलेज बोर्डाचं, पैसे देऊन. पहिल्या विद्यापीठाला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. आठ विद्यापीठांना पाठवायचं तर १३७ डॉलर. अमेरिकेतल्या ज्या घराचं समायोजित उत्पन्न १ लाख डॉलरपर्यंत आहे, त्याला पदवीसाठी ते मोफत आहे. दोनशेच्या वर कॉलेजं आणि स्कॉलरशिप संस्था ते मागतात, आणि मोठी मदत देणारी बहुतेक खासगी विद्यापीठं त्यात येतात.

दोन्ही फॉर्म्स आर्थिक क्षमता मोजतात, पण मोजपट्ट्या वेगळ्या. फॅफ्सा राहत्या घराची किंमत विचारत नाही. सीएसएस विचारतं. मग प्रत्येक विद्यापीठ आपल्या धोरणाप्रमाणे ती पूर्ण धरतं, उत्पन्नाच्या काही पटींपर्यंत मर्यादित धरतं, किंवा सोडून देतं. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन राहतं घर धरत नाहीत. बे एरियात वीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्या कुटुंबाला या एका नियमाने दोन विद्यापीठांच्या मदतीत वर्षाला हजारो डॉलरचा फरक पडतो. म्हणून हा प्रश्न प्रत्येक विद्यापीठाच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेलवर विचारून ठेवा.

भावंडांचं तसंच. २०२४-२५ पासून फॅफ्सात दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली तरी घराने भरायची धरलेली रक्कम अर्धी होत नाही. सीएसएस वापरणारी बरीच खासगी विद्यापीठं अजूनही ते लक्षात घेतात. जुळी मुलं किंवा वर्षा-दोन वर्षांच्या अंतराची भावंडं असलेल्या घरांनी तुलना करताना हे सोडू नये.

मुलाच्या नावावरचे पैसे जास्त जड जातात. आजोबांनी नातवाच्या नावे यूटीएमए खात्यात (अल्पवयीन मुलाच्या मालकीचं खातं) ४० हजार डॉलर ठेवले असतील, तर फॅफ्सा त्याचे २० टक्के, म्हणजे ८,००० डॉलर, वर्षाच्या फीसाठी उपलब्ध धरतो. सीएसएसच्या मूळ सूत्रात ते २५ टक्के. हेच पैसे आईवडिलांच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) असते, तर फॅफ्साचा दर जास्तीत जास्त ५.६४ टक्के, म्हणजे २,२५६ डॉलर. भेट देताना आजी-आजोबांचा हेतू चांगलाच असतो, फक्त खातं आधी विचारून उघडावं.

कोणतं वर्ष मोजलं जातं हे उशिरा कळतं आणि तोवर ते वर्ष संपलेलं असतं. २०२७ च्या ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू होणार असेल, तर उत्पन्न २०२५ चं धरलं जातं. म्हणजे मूल दहावीच्या जानेवारीत असतं तेव्हापासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं वर्ष. त्या वर्षात पुण्यातला फ्लॅट विकून भांडवली नफा झाला, किंवा शेअर्स विकले, तर तो नफा उत्पन्नात दिसतो. विकायचंच असेल तर त्याच्या आधीच्या वर्षात. बचतीचं मात्र वेगळं: खात्यातली शिल्लक फॉर्म भरण्याच्या दिवसाची.

पुण्याच्या फ्लॅटवरून आठवण. भारतातली मालमत्ता दाखवायची की नाही, हा प्रश्न अमेरिकेतल्या मराठी गटांत दर वर्षी निघतो. उत्तर स्वच्छ आहे: दाखवायची. दोन्ही फॉर्म्समध्ये जगभरातली मालमत्ता विचारलेली असते. कोथरूडचा दुसरा फ्लॅट, बँकेतली मुदत ठेव, म्युच्युअल फंड, सगळं बाजारभावाने, त्यावरचं कर्ज वजा करून. वडिलोपार्जित जमिनीच्या सात-बाऱ्यावर पाच भावंडांची नावं असतील, तर फक्त आपला हिस्सा. अजून वाटणी झाली नसेल, विकता येत नसेल, तर तेही स्पष्टीकरणाच्या चौकटीत लिहा. खोटी किंवा लपवलेली माहिती उघडकीला आली की मदत परत घेतली जाते आणि प्रवेशही धोक्यात येतो.

आईवडिलांना दरमहा भारतात पैसे पाठवत असाल, तर फॅफ्साला त्याच्याशी देणंघेणं नाही. सीएसएसच्या विशेष परिस्थितीच्या भागात ते लिहिता येतं. वर्षभराच्या बँक ट्रान्सफरच्या नोंदी जोडा. विद्यापीठ ते मानेल की नाही हे त्यांच्या हातात, पण लिहिलं नाही तर मानायचा प्रश्नच येत नाही.

सगळ्यात सर्रास होणारी चूक: ४०१-के किंवा आयआरएमधली शिल्लक "गुंतवणूक" या रकान्यात टाकणं. निवृत्तीच्या खात्यांसाठी सीएसएसमध्ये वेगळा रकाना आहे आणि बहुतेक विद्यापीठं ती शिल्लक मोजत नाहीत. चुकीच्या रकान्यात ३ लाख डॉलर टाकले, तर मदत पंधरा हजार डॉलरनेही कमी होऊ शकते. फॉर्म एकदा सादर केल्यावर दुरुस्तीला फार वाव नसतो, पुढचे बदल थेट प्रत्येक विद्यापीठाला कळवत बसावं लागतं. तेव्हा सादर करण्याआधी पूर्ण छापून घ्या आणि दोघांनी मिळून एकदा वाचा.

एच-४ व्हिसावर (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आणि कळकळीने सांगण्यासारखा आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं असलेल्या घरांतली ही मुलं अमेरिकेच्या शाळेत वाढलेली असतात, पण फॅफ्सा भरू शकत नाहीत. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, प्रलंबित असला तरी नाही. अनेक खासगी विद्यापीठं त्यांना आंतरराष्ट्रीय अर्जदारांच्या गटात टाकतात, आणि तिथे मदत मागणं प्रवेशावर परिणाम करू शकतं. काही विद्यापीठं मात्र शाळा अमेरिकेतली आहे म्हणून वेगळा विचार करतात. यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाला अर्जाआधी एकच प्रश्न लिहून विचारा: एच-४ वरचा, अमेरिकेत बारावी करणारा विद्यार्थी तुमच्याकडे कोणत्या गटात मोजला जातो? उत्तर लेखी ठेवा. मेरिट स्कॉलरशिपला मात्र बहुतेक ठिकाणी व्हिसाचा अडसर नसतो, म्हणून या मुलांच्या यादीत मेरिट देणारी विद्यापीठं जास्त असावीत.

सीएसएस प्रोफाइल लांबलचक आहे, खासगी आयुष्यात नको तितकं डोकावतं, आणि मदत मागण्यासाठीच पैसे घेतं हे खटकतं. तरीही ज्यांचं उत्पन्न मध्यम आहे त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी रक्कम याच दारातून येते. हार्वर्डने २०२५-२६ पासून २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या, मालमत्ता सर्वसाधारण असलेल्या घरांना ट्यूशन माफ केली, १ लाखापर्यंत सगळाच खर्च. एमआयटीचंही २ लाखांच्या आत ट्यूशन माफ. प्रिन्स्टनने तीच रेषा बहुतेक घरांसाठी अडीच लाखांवर नेली. अशा ठिकाणी "स्कॉलरशिप नाही" असं म्हणणं म्हणजे दारातून परत फिरणं.

मेरिट स्कॉलरशिप: आकडा डोळ्यात भरतो, अटी बारीक अक्षरात असतात

मेरिटचे दोन प्रकार. एक आपोआप मिळणारा: प्रवेशाचा अर्ज हाच स्कॉलरशिपचा अर्ज. दुसरा स्पर्धेचा: वेगळे निबंध, कधी मुलाखत, आणि लवकरची तारीख. व्हँडरबिल्टची कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट स्कॉलरशिप पूर्ण ट्यूशन देते, पण तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो. बोस्टन युनिव्हर्सिटीची ट्रस्टी स्कॉलरशिप पूर्ण ट्यूशनची, प्रेसिडेन्शियल वर्षाला २५ हजार डॉलरची, आणि त्यांच्यासाठी १ डिसेंबरच्या आत अर्ज करण्याचा नियम राहिला आहे. यूएससीच्या मोठ्या स्कॉलरशिपसाठी १ नोव्हेंबरची अर्ली अ‍ॅक्शनची (बंधन नसलेल्या लवकरच्या अर्जाची) तारीख पाळावी लागते. जानेवारीच्या सर्वसाधारण तारखेला अर्ज करणाऱ्याला प्रवेश मिळू शकतो, स्कॉलरशिप हुकते. तारखा दर वर्षी त्याच वर्षाच्या पानावर तपासा.

घरचं उत्पन्न अडीच-तीन लाख डॉलर असेल, तर बहुतेक विद्यापीठांच्या सूत्रात गरज शून्य निघते. अशा घरांना मेरिट हाच मार्ग, आणि तो सगळ्यात वरच्या पाच विद्यापीठांतून जात नाही. केस वेस्टर्न रिझर्व्ह किंवा युनिव्हर्सिटी ऑफ रॉचेस्टरसारखी, संशोधनात पक्की आणि मेरिट देणारी विद्यापीठं यादीत घ्या. त्यांच्याच बाजूला आपल्या राज्याच्या सरकारी विद्यापीठाचा रहिवाशांसाठीचा खर्चही मांडा. खासगीची सूट वजा करूनही न्यू जर्सीचं सरकारी रटगर्स निम्म्यात पडत असेल, तर ते बघूनच ठरवावं.

अटींमध्ये तीन गोष्टी शोधा. स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक) लागतो: ३.० असेल तर सांभाळता येतो, ३.५ असेल तर इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात कॅल्क्युलस आणि फिजिक्स एकत्र आले की घसरण होते. घसरल्यास एक सेमिस्टर मुदत मिळते की लगेच बंद, हेही विचारा. दुसरं, ती आठ सेमिस्टरपुरतीच असते का. तिसरं आणि सगळ्यात महागाचं: रक्कम ठरावीक आहे की ट्यूशनच्या टक्क्यांत.

समजा जाहीर खर्च ९२,००० डॉलर आणि स्कॉलरशिप दर वर्षी ठरावीक ३०,०००. पहिल्या वर्षी भरायचे ६२,०००. खर्च वर्षाला ४ टक्क्यांनी वाढला, तर दुसऱ्या वर्षी ६५,६८०, तिसऱ्या वर्षी सुमारे ६९,५००, चौथ्या वर्षी सुमारे ७३,५००. चार वर्षांचे झाले २ लाख ७० हजारांच्या वर. "बासष्ट गुणिले चार" असा २ लाख ४८ हजारांचा हिशेब करून बसलेल्या घराला साधारण साडेबावीस हजारांची तूट पडते. अर्धी ट्यूशन अशी टक्क्यांतली स्कॉलरशिप फीबरोबर वाढते, म्हणून दिसायला लहान असली तरी चार वर्षांत सरस ठरू शकते.

आणखी एक गैरसमज. मेरिट गरजेनुसार मिळणाऱ्या अनुदानावर चढून मिळत नाही. गरज ४० हजारांची असेल आणि १५ हजारांचं मेरिट मिळालं, तर विद्यापीठाचं अनुदान बहुधा २५ हजारांवर येतं. बाहेरच्या संस्थेची स्कॉलरशिप आणली तरी बरीच विद्यापीठं आधी कर्ज आणि कामाची रक्कम कमी करतात, मग अनुदानाला हात लावतात. महाराष्ट्र मंडळाची ५०० डॉलरची स्कॉलरशिपसुद्धा कळवावी लागते.

मदतीचं पत्र

मार्चअखेर येणारं हे पत्र म्हणजे सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत निसरडा कागद. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये सांगितलं होतं की सुमारे ९१ टक्के कॉलेजं पत्रात निव्वळ खर्च देत नाहीत किंवा कमी दाखवतात. कसं, ते एका नमुन्याच्या पत्रात पाहा.

ट्यूशन ६८,०००, इतर फी २,४००, राहणं-जेवण १८,५००, पुस्तकं १,०००, किरकोळ १,५००. एकूण ९१,४००. खाली "तुमची आर्थिक मदत": मेरिट स्कॉलरशिप २४,०००, विद्यापीठ अनुदान ११,०००, वर्क-स्टडी ३,०००, डायरेक्ट लोन ५,५००, पॅरेंट प्लस २०,०००. एकूण मदत ६३,५००. "उरलेली रक्कम २७,९००." वाचणाऱ्याला वाटतं, अठ्ठावीस हजारांत काम झालं.

आता पेन्सिल घ्या. डायरेक्ट लोन मुलाने फेडायचं कर्ज. पॅरेंट प्लस आईवडिलांनी फेडायचं कर्ज. वर्क-स्टडी म्हणजे काम केल्यावर महिन्याकाठी मिळणारा पगार, फीच्या बिलातून तो वजा होत नाही, आणि काम मिळेलच असंही नाही. परत द्यावे लागत नाहीत असे पैसे फक्त ३५,०००. खरा खर्च ५६,४००. पत्रातल्या आकड्याच्या दुप्पट. शिवाय विद्यापीठाचा आरोग्य विमा बऱ्याचदा या यादीत नसतो. घरचा विमा चालत असेल तर माफीचा अर्ज मुदतीत करा, नाहीतर बिलात काही हजार डॉलर चढतात.

पॅरेंट प्लसवर विसंबणाऱ्यांनी नवा नियम लक्षात घ्यावा: १ जुलै २०२६ पासून एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार डॉलरची कमाल मर्यादा. चार वर्षं वीस-वीस हजार धरून केलेला हिशेब चौथ्या वर्षी अडकतो. डायरेक्ट लोनची मर्यादा पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला चार वर्षांत मिळून २७ हजार.

या पत्राला ५ पैकी २ गुण, तेही त्यात सगळे आकडे कुठेतरी असतात म्हणून.

पत्र कमी वाटलं तर फेरविचार मागता येतो, आणि मागावा. गरजेच्या मदतीसाठी फायनान्शियल एड ऑफिसला, मेरिटसाठी अ‍ॅडमिशन ऑफिसला लिहा. एक पान पुरे. काय बदललं ते तारखेसह: नोकरी गेली, ऑपरेशनचा खर्च आला, २०२५ मधल्या आरएसयू एकदाच मिळाल्या होत्या. कागद जोडा. त्याच तोलाच्या दुसऱ्या विद्यापीठाचं चांगलं पत्र असेल, तर त्याची प्रत द्या आणि नेमकी किती तफावत आहे ते सांगा. १ मे ला निर्णय द्यायचा असतो, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हे पाठवलेलं बरं. अर्ली डिसिजनने (मिळाला तर तिथेच जायचं, अशा बांधील अर्जाने) प्रवेश घेतलेल्यांच्या हाती हे हत्यार उरत नाही, कारण तुलनेला दुसरं पत्रच नसतं. मदत अपुरी असेल तर त्यातून बाहेर पडता येतं, पण तोवर इतर विद्यापीठांच्या लवकरच्या मेरिटच्या तारखा उलटून गेलेल्या असतात.

भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी

इथे चित्र अरुंद आहे. परदेशी अर्जदाराची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देणारी आणि गरज पूर्ण भागवणारी विद्यापीठं मोजकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन, नोत्र दाम अशी. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की स्पर्धा कठीण होते. म्हणून मदत न मागता प्रवेश घ्यायचा आणि दुसऱ्या वर्षी मागायची, असा सल्ला कोणी देत असेल तर ऐकू नका. अनेक विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याला अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर पुढे चारही वर्षं देत नाहीत.

कॉर्नेलमध्ये टाटा स्कॉलरशिप खास भारतीय पदवी विद्यार्थ्यांसाठी आहे, गरजेनुसार, आणि एका वेळी साधारण वीसच विद्यार्थ्यांना. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, पदवीसाठी तिच्यावर अवलंबून राहू नये.

सीएसएस भरताना रुपये निवडले की आकडे रुपयांतच टाका. कोणतं आर्थिक वर्ष धरलं ते स्पष्टीकरणात लिहा, कारण फॉर्म कॅलेंडर वर्ष विचारतो आणि आपल्या विवरणपत्रावर कर-निर्धारण वर्ष ठळक असतं. २०२४-२५ चं उत्पन्न २०२५-२६ च्या निर्धारण वर्षात दिसतं, त्यात गोंधळ होतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी "करमुक्त उत्पन्न" म्हणून दाखवायचं. ईपीएफ निवृत्तीच्या रकान्यात. सात-बारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा.

पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ गोळा केलेला आयकर) कापते, तो विवरणपत्रात परत मागता येतो. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून रक्कम गेली तर तो लागत नाही. कर्जाच्या व्याजावरची आयकर वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते.

आणि मोठी स्कॉलरशिप मिळालेल्यांनी एक गोष्ट आधीच खर्चात धरावी: ट्यूशन, फी आणि पुस्तकांपलीकडची, म्हणजे राहण्या-जेवणासाठी मिळालेली रक्कम अमेरिकेत करपात्र आहे. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याकडून त्यावर १४ टक्के कापून घेतले जातात. १८ हजारांवर ते २,५२० डॉलर होतात आणि हे बिल सेमिस्टरच्या सुरुवातीलाच समोर येऊ शकतं. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. त्यामुळे पुढच्या एप्रिलच्या आत १०४०-एनआर (अनिवासींचं आयकर विवरणपत्र) भरला की ही कपात बऱ्याच अंशी, कधी पूर्ण परत येते. पहिल्या वर्षी तेवढे डॉलर हाताशी ठेवावे लागतात.